दुपट्टा काढला त्या दिवशी

मोठ्या शहरातल्या एका विद्यापीठात शिकवणाऱ्या बाईंनी माझ्या उस्तादांना फसवलं. तो सौदा मी जमवून दिला होता, म्हणून त्यात माझाही हात आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी बोलायला लागलो की लोक म्हणतात, हा तापट माणूस आहे, याचं काय मनावर घ्यायचं. तापट मी आहेच. पण तापट माणूस खोटंच बोलतो असं कुठे लिहिलेलं नाही.

उस्ताद म्हणजे मोताळ्याच्या बैलबाजारातले जुने दलाल. माझं आज सरकी-ढेपेचं दुकान आहे, वर पक्कं घर आहे, मुलगी नर्सिंग शिकते आहे. हे सगळं मी उभं केलं, पण उभं कसं करायचं ते त्यांनी शिकवलं. माझे वडील दुसऱ्यांच्या शेतात राबत. बारावी झाल्यावर पुढे शिकायचं होतं, जमलं नाही. विशीत बाजारात आलो तेव्हा मला बैलाच्या दातांतलं काही कळत नव्हतं. उस्तादांनी मला दोन हंगाम नुसतं बघायला लावलं.

बघण्यासारखं सगळ्यात मोठं काय होतं, तर त्यांचा दुपट्टा. पांढरा, कडेला निळी रेघ, धुऊन धुऊन मऊ झालेला. आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. दोघांनी हात पुढे करायचे, वरून दुपट्टा टाकायचा आणि आत बोटांनी बोलायचं. कोणतं बोट धरलं, किती बोटं दाबली, मनगटाच्या बाजूला सरकून दाबली की टोकाला, यावर आकडा ठरायचा. वर चेहरे अगदी रिकामे. उस्ताद समोरच्याला विचारत, "पानी पडलं का तुमच्याकडं?" आणि खाली बोटं भाव सांगत. आजूबाजूला दहा माणसं उभी असत, एकालाही काही कळत नसे. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, भज्यांच्या कढईचा वास आणि त्या दुपट्ट्याखालची हालचाल, जणू आत एखादं पाखरू आहे. डोळे मिटले की मला मोताळ्याचा बाजार असाच दिसतो.

माझा पहिला सौदा मी बिघडवला. मेहकरकडचं गिऱ्हाईक होतं. मी आमच्या पद्धतीने बोटं दाबली, त्याने त्याच्या पद्धतीने आकडा धरला. दोघांनीही खूश होऊन दुपट्ट्यातून हात काढले, आणि दावं हाती द्यायच्या वेळेला कळलं की दोघांच्या मनात दोन भाव आहेत. मी त्याच्यावर धावून गेलो. उस्तादांनी मला मागे ओढलं.

"काऊन भांडून राह्यला बे त्याच्यासंगं?"

"उस्ताद, मी बरोबर दाबलं. त्यालेच समजलं नाई."

"बोटात काई नसते. दोघायनं मानलं तर असते. मेहकरच्या बजारात हेच बोट येगळं बोलते. तू आधी इचाराचं होतं, तुमच्याकडं हे काय म्हनतेत."

मी वरमलो. पुढे पुष्कळ वर्षांनी हीच गोष्ट छापलेल्या कागदावर वाचली. ते येईलच.

दुसरं शिकवणं होतं जनावर उभं करण्याचं. बाजारात बैल नुसता बांधत नाहीत, उभा करतात. पुढचे पाय जरा चढावर ठेवले की बैल उंच दिसतो. शिंगांना रंग, अंगाला तेलाचा हात. खांद्यावर जुवाचा जुना घट्टा असेल तर ती बाजू भिंतीकडे. मी एकदा विचारलं, "उस्ताद, हे फसवनं नाई का?" ते म्हणाले, "गिऱ्हाईक बी डोये घेऊनच येते. उभं कसं बी कर. पन त्यानं इचारलं, का त्या बाजूनं दाखवा, तर फिरवून दाखवाचं. तवा जो नाई दाखवत, तो चोर."

आणि तिसरं, आठ दिवसांची बोली. बैल नेल्यावर आठ दिवसांत त्याची लपलेली खोड निघाली तर दलालाने स्वतः जायचं. एकदा घाटावरच्या एका गावात दिलेला बैल नांगराला जुंपला की खाली बसायचा. निरोप आला. उस्तादांनी चहा अर्धा टाकला आणि निघाले. राजूर घाट आम्ही पायी चढलो, ऊन तापलेलं होतं, मी सगळ्या वाटेने त्या बैलाच्या पहिल्या मालकाला शिव्या देत होतो. परत येताना बैलाचा कासरा माझ्या हातात होता, तेव्हा उस्ताद एवढंच म्हणाले, "त्यानं आपल्याले सांगतलं नाई, हे खरं हाय. पन दाखवला आपन. ज्यानं दाखवलं, त्यानं जवाब द्याचा."

माझं सगळं शिक्षण हे एवढंच. बाकीचं मी चुका करून शिकलो.

विद्यापीठातल्या त्या मॅडम आल्या तेव्हा बाजार अर्धा झालेला होता. घरोघरी ट्रॅक्टर, आणि उरलेले बैल मोबाइलवर विकले जात. लोक फोटो टाकतात, खाली भाव लिहितात. फोटो अर्थातच चांगल्या बाजूचा. दुपट्टा टाकणारे उस्ताद एकटेच उरले होते. मॅडमबरोबर चार विद्यार्थी आणि एक कॅमेरावाला होता. माझ्या दुकानात आल्या, ढेपेच्या पोत्यावरच बसल्या, आणि म्हणाल्या, "दादा, आम्ही संस्कृतीचा अभ्यास करतो. लोकांना वाटतं संस्कृती म्हणजे देऊळ, शिल्प, गाणं. आम्हाला वाटतं, तुम्ही बाजारात जे रोज करता तीसुद्धा संस्कृतीच."

आजवर मला असं कोणी म्हटलं नव्हतं. आमच्या घरात भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आहे. माझ्या आईला अक्षर येत नव्हतं, पण हातात पुस्तक असलेला माणूस दारात आला की ती हातातलं काम टाकून खुर्ची द्यायची. त्याची जात-पात, गाव, काही विचारायची नाही. मीही तेच केलं. बाजारात मी सख्ख्या भावाच्या बैलाचे दात पाहिल्याशिवाय बोलत नाही. मॅडमचं काहीच पाहिलं नाही. खुर्ची दिली, चहा सांगितला आणि विश्वास ठेवला. पुस्तकवाल्या माणसाशी घासाघीस करायची नसते, अशी माझ्या डोक्यात आईने घातलेली गाठ होती.

त्यांनी मला मराठीतल्या टिपणांच्या झेरॉक्स दिल्या. त्यांच्या वर्गातल्या. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी वाचायचो. पहिल्यांदा डोकं दुखलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा एकदम उजेड पडला. त्यात लिहिलेलं होतं की शब्दात किंवा चित्रात स्वतःचा अर्थ नसतो, माणसांनी आपसात मानलेला असतो. मी मोठ्याने म्हणालो, अरे, हे तर उस्तादांचं बोट झालं. पुढे लिहिलेलं की कॅमेरा म्हणजे आरसा नव्हे. काय दाखवायचं, काय कडेला ठेवायचं, हे कोणीतरी ठरवतं, आणि ते ठरवण्याची ताकद सगळ्यांकडे सारखी नसते. म्हणजे बैल उभा करणं. पुढे आणखी होतं: वर्षानुवर्षं एकच गोष्ट एकाच रीतीने दाखवली की लोकांना ती निसर्गातच तशी आहे असं वाटू लागतं. दलाल म्हटलं की बारीक डोळ्यांचा लबाड माणूस डोळ्यांसमोर येतो, तसं.

मला सगळ्यात आवडला तो प्रेक्षकाचा भाग. पाहणारा तीन रीतींनी पाहतो. दाखवणाऱ्याला हवं तसंच मानतो, किंवा काही मानतो आणि काही मोडून काढतो, किंवा सरळ नाकारतो. मी मॅडमना म्हणालो, "हे तर आमचे तीन गिऱ्हाईक. एक सांगितल्या भावाला नेतो, एक भाव पाडतो, एक पाठ फिरवून जातो." मॅडम खूप हसल्या आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. "दादा, तुम्ही वर्गात शिकवायला या." मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "हाव, आयकलं. आता जेवा."

त्यांना उस्तादांचं चित्रण हवं होतं. उस्ताद तयार झाले, फक्त एका गोष्टीला नाही म्हणाले. मॅडमना दुपट्ट्याखालचा हात उघडा पाहायचा होता.

"बाई, बाकी समदं घ्या. हातावरचा दुपट्टा नाई काढत मी."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी उस्तादांना समजावलं. माझ्या तोंडाला तेव्हा नवीन विद्या लागलेली होती. मी म्हणालो, "उस्ताद, आजपर्यंत आपल्याबद्दल दुसरेच बोलले. हे लोक आपलं आपल्या तोंडून आयकून घेऊन राह्यले. तुमी दुपट्टा कायले टाकता ते सांगा आन् मंग हात दाखवा. तुमच्यामागं कोनाले मालूम रायनार हाय?"

ते बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग मला म्हणाले, "जवाबदारी तुही?"

"माही."

मी मॅडमकडून तोंडी कबूल करून घेतलं: आधी बोलणं पूर्ण येईल, मग हात. "अर्थात दादा," असं त्या म्हणाल्या. मी आयुष्यात एवढा कच्चा सौदा केलेला नाही.

उस्ताद कॅमेऱ्यापुढे जे बोलले ते मी शेजारी उभा राहून ऐकलं. ते म्हणाले, मानसाची गरज बजारात उघडी पाडू नाई. कोनाले इकाची घाई असते, कोनाले घ्याची. ती घाई त्याच्या बोटात कयते, थरथर कयते. ती फकस्त मले कयली पाह्यजे, चार लोकायले नाई. आज त्याचा बैल पडत्या भावात गेला हे लोकायनं पाह्यलं, तं उद्या त्याच्या घरच्या मानसालेबी पडत्या भावानं बोलतीन. म्हनून दुपट्टा. लपवासाठी नाई, झाकासाठी. लपवनं येगळं आन् झाकनं येगळं.

एवढं बोलून त्यांनी दुपट्टा काढला, घडी करून खांद्यावर ठेवला, आणि माझा हात धरून एकेक बोट दाखवलं. त्यांची बोटं गरम होती. तीस वर्षांत मी त्यांचा उघडा हात सौद्यात कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात मागून एका बैलाने कॅमेरावाल्याच्या पाठीवरच्या पिशवीत तोंड घातलं आणि आतली पोळी ओढून काढली. तो घाबरून कोलमडला, स्टँडवरचा कॅमेरा मात्र चालूच राहिला. उस्ताद तोंड उघडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. विद्यार्थी हसले, मॅडम हसल्या. तो दिवस माझ्या आठवणीत अजून तसाच्या तसा आहे. पुढे काय झालं हे माहीत असूनही तो मला खराब करता येत नाही.

चित्रपट तयार झाल्यावर बुलढाण्यात एका सभागृहात दाखवला. मी उस्तादांना आणि काकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सकाळच्या एसटीने घेऊन गेलो. उस्तादांनी तोच दुपट्टा धुऊन आणला होता. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं.

पडद्यावर मी दिसलो. मी मराठीत बोलत होतो, आणि खाली मराठीतच पाट्या येत होत्या. माझ्या "मले"खाली "मला", माझ्या "काऊन"खाली "का". मागे दोन मुली खुदकन हसल्या. काकींनी विचारलं, "खाली काय लिहून राह्यले?" मी म्हणालो, "मी जे बोललो तेच." "मंग लिहाचं कायले?"

मग उस्ताद आले. आधी हात, उघडा. वर एक खर्जातला आवाज सांगत होता की या बाजारात व्यवहार गुप्त ठेवला जातो, पारदर्शकता नाही, आणि या गुप्ततेचा फायदा मध्यस्थाला होतो. मग एका शेतकऱ्याचा चेहरा, कपाळावर आठ्या. त्या माणसाला मी ओळखतो. तो उन्हात डोळे बारीक करून चहाची वाट पाहत होता. आणि त्याच्या चेहऱ्यानंतर लगेच उस्तादांचं हसणं. ते पोळीचं हसणं. तोंड उघडलेलं, जवळून घेतलेलं, आणि खाली कसलंतरी जड संगीत.

बोलणं आलंच नाही. एक वाक्यही नाही.

मी उभा राहिलो आणि ओरडलो. काय ओरडलो ते नीट आठवत नाही, पण एका विद्यार्थ्याच्या अंगावर गेलो हे आठवतं. त्यात माझीच चूक होती, त्याचा काही दोष नव्हता. उस्तादांनी माझं कोपर धरून मला खाली बसवलं. ते पडद्याकडेच पाहत होते. घाट उतरताना बसमध्ये म्हणाले, "शिकेल बाई हाय. आपन जनावराची चांगली बाजू दाखवतो, तिनं खराब बाजू दाखवली. तिचं ते काम असन."

"पन इचारलं तर फिरवून दाखवाले पाह्यजे, उस्ताद."

"मंग इचार."

पुढच्या बाजारात दुपट्टा त्यांच्या खांद्यावर होता, पण त्यांनी तो टाकला नाही. एका पोराने मोबाइलवर चित्रपटातला तो तुकडा पाहिला होता. तो म्हणाला, "काका, वरतूनच बोला ना भाव. झाकून कायले?" उस्ताद वरूनच बोलले. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. समोर कोथळीकडचा एक म्हातारा होता, त्याला विकायची घाई होती. भाव ऐकताच आजूबाजूची माणसं त्याच्याकडे वळून पाहू लागली, आणि तो खाली बघत दावं सोडवू लागला. त्यानंतर आमच्या बाजारात हातावर दुपट्टा पडलेला मी पाहिला नाही. दीड वर्षाने उस्ताद गेले. वय झालं होतं. चित्रपटाने गेले असं मी म्हणणार नाही, खोटा आरोप मला करायचा नाही.

मी मॅडमना फोन केला होता. एकदा नाही, पुष्कळदा. एकदाच त्या नीट बोलल्या.

"दादा, संपादन विद्यार्थ्यांनी केलं. वेळेची मर्यादा होती. आणि तुम्ही तर टिपणं वाचलीत. अर्थ प्रेक्षक घडवतो. तुम्हाला ते अपमानास्पद वाटलं, हे तुमचं वाचन झालं. दुसऱ्याचं वेगळं असू शकतं."

मी फोन ठेवला नाही, आपटला. काच अजून तडकलेली आहे. पण राग उतरल्यावर मी ती टिपणं पुन्हा काढून वाचली, या वेळी गिऱ्हाईक म्हणून. प्रेक्षक अर्थ घडवतो, हे त्यात आहे, खरं आहे. पण त्याच कागदावर दोन पानं आधी लिहिलेलं आहे की कोणती बाजू दाखवायची हे ठरवणाऱ्याच्या हातात ताकद असते. मॅडमनी मला दुसरं पान दाखवलं आणि पहिलं भिंतीकडे करून उभं केलं. हॉलमधल्या त्या मुलींनी काय नाकारायचं होतं? जे बोलणं त्यांना ऐकवलंच नाही, त्याच्यावर त्या घासाघीस कशी करणार? गिऱ्हाईक डोळे घेऊन येतं हे उस्तादही म्हणायचे. पण म्हणून दलालाची आठ दिवसांची बोली सुटत नाही.

तुम्ही पुस्तकात जे शिकवता ते मी खरं मानतो, मॅडम. म्हणूनच भांडतो आहे. ते खोटं असतं तर मी पाठ फिरवून निघून गेलो असतो.

गेल्या महिन्यात काकी दुकानात आल्या. ढेप घ्यायला नाही, त्यांच्याकडे आता जनावर नाही. दाराशी उभ्या राहिल्या. "त्या बाईजोळ तुह्या उस्तादायचा आवाज हाय ना रे? पुरा? मले एकदा आयकाचा होता." त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर मला बरं वाटलं असतं.

उस्तादांना मी जबाबदारी माझी असं म्हणालो होतो, आणि मी घाट पुन्हा पायी चढायला तयार आहे. पण खोड कुठे आहे ते मला सांगा. ते बोलणं कोणी कापलं? ते कापल्यावर हसणं तिथे कोणी जोडलं, आणि ते कोणत्या क्षणाचं आहे हे माहीत असताना का जोडलं? उस्तादांचं पुरं चित्रण तुमच्या कपाटात कोणत्या डबीत पडलं आहे, आणि ते त्यांच्या बायकोच्या हातात कधी देणार आहात? विद्यार्थ्यांनी केलं, असं सांगू नका. दाखवलं तुम्ही. मॅडम, जवाब द्या.